महिला दुहेरी बघायला थांबत का नाही लोकं?

होटगीरोडकर

गेल्या काही वर्षांत कुमठा नाक्याच्या जिल्हा क्रीडा संकुलात आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) महिलांची टेनिस स्पर्धा व्हायला लागलीय, हे इथं किती जणांना माहितीय माहीत नाही. बाहेरच्या देशातल्या पोरी रँकिंगचे पॉइंट कमवायला सोलापूरला येतात ही साधी गोष्ट नाही. मला बोलायचंय ते दुहेरीबद्दल. सिंगल्स संपलं की लोकं उठून चालूलाले. आयोजकांची माणसं, बॉल उचलणारी पोरं आणि दोन-चार आईबाप, एवढेच उरतात. आणि खरा बघण्यासारखा खेळ नेमका तेव्हा सुरू होतो.

मी बेसलाइनच्या मागं जाळीला टेकून उभा होतो, तिथून नेटजवळच्या पोरीची पाठ दिसते. पार्टनर सर्व्हिस करायच्या आधी ही पाठीमागं हात नेऊन खुणा करते, मूठ म्हणजे मी जागेवर थांबणार, पंजा उघडला म्हणजे मी पलीकडं पळणार. समोरच्या दोघींना यातलं काही दिसत नाही, आपल्याला सगळं दिसतं! एका गेमला ४०-४० झालं, पंजा उघडला, सर्व्हिस पडली आणि ही पळाली, पण समोरचीनं ओळखलं आणि रिटर्न सरळ कडेच्या रिकाम्या पट्टीत, म्हणजे गल्लीत मारला. गेम गेला. पुढच्या वेळी परत तसाच पेच आला तेव्हा हिनं मूठ दाखवली, खांदा तेवढा पळाल्यासारखा हलवला आणि जागेवरच थांबली. समोरचीनं परत गल्लीत मारला आणि हिनं उभ्या उभ्या व्हॉली (टप्पा पडायच्या आधीच मारलेला बॉल) टाकून पॉइंट काढला. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो, बाकी सगळे चहाला गेलेले.

तर प्रश्न असा की आपल्याकडं दुहेरीला उरलंसुरलं का समजतात? त्यात आपल्याच जिल्ह्यातली पोरगी दुहेरीच्या जोरावर ऑलिंपिकला जाऊन आलीय.

तिखट_शेंगा

सिंगल्सलाच माणसं नसतात तिथं दुहेरीचं काय घेऊन बसलाव. पार्क स्टेडियमवर टेनिस बॉलचं क्रिकेट लावा, बघा गर्दी 😄

बार्शीचा_पाव्हणा

आला का विषय बार्शीवर, मग आता लिहावंच लागतंय.

प्रार्थना ठोंबरे. बार्शीची. २०१४ च्या इंचॉन एशियन गेम्समध्ये सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरीत ब्राँझ, तेव्हा ही वीस वर्षांची. सेमीला समोर चायनीज तैपेईची जोडी, त्यात श्ये सू-वेई होती. तीच श्ये पुढं २०२४ ला वयाच्या ३८ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची महिला दुहेरी जिंकली, म्हणजे समोर कोण होतं ते लक्षात घ्या. मग २०१६ ला रिओ. तिथं पहिल्याच राउंडला चीनच्या झांग श्वाई आणि पेंग श्वाई, ७-६, ५-७, ७-५ असा तीन सेटचा सामना, हरल्या पण कसल्या हरल्या. त्या वेळी पेपरात एका ओळीत 'सानियाचं आव्हान संपुष्टात' असं छापून मोकळे झाले, पार्टनरचं नाव शोधावं लागत होतं.

आणि ती अजून खेळतेय हो, हे कुणी सांगत नाही. मुंबईत सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) डब्ल्यूटीए १२५ ची, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टूरची स्पर्धा होते, तिथं २०२४ ला आणि २०२५ ला, दोन्ही वर्षी नेदरलँड्सच्या अरियान हार्टोनोबरोबर दुहेरीच्या फायनलला पोचली. दोन्ही फायनल गेल्या. २०२५ ची तर सुपर टायब्रेकला (तिसऱ्या सेटऐवजी खेळतात तो दहा पॉइंटचा टायब्रेक) १०-७ अशी गेली. बार्शीसारख्या गावातून निघून वयाच्या तिशीत डब्ल्यूटीएच्या फायनलला उभं राहणं म्हणजे काय ते ज्यांनी पोरांना अकॅडमीत घातलंय त्यांना विचारा.

सव्वातीनची_पॅसेंजर

भावना ठीक आहेत, जरा हिशेब पण करू. सोलापूरची स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती पंचवीस हजार डॉलरची होती. ऐकायला मोठं वाटतं, पण ती सगळ्या स्पर्धेची मिळून रक्कम. त्यातला मोठा वाटा सिंगल्सला, दुहेरीला जे उरतं ते सोळा जोड्यांत वाटायचं आणि जोडीला मिळालेल्याचे परत दोन भाग. विमानाचं तिकीट, हॉटेल, रॅकेटच्या तारा, फिजिओ, कोच बरोबर आणला तर त्याचा खर्च. या पातळीवर नुसती दुहेरी खेळून कुणी पोट भरू शकत नाही, म्हणून पोरी दुहेरीला दुय्यम धरतात. पार्टनर सिंगल्सच्या फायनलला पोचली आणि मांडीत जरा ताण आला की आधी दुहेरी सोडून देते, दुसरी बिचारी बॅग भरून मोकळी. लोकं थांबत नाहीत हा प्रेक्षकांचा दोष नाही, खेळाडूच थांबत नाहीत.

होटगीरोडकर

@सव्वातीनची_पॅसेंजर पैशाचं बरोबर आहे, पण म्हणून बघू नये असं कुठाय? आपण काय बक्षिसाची रक्कम बघून खेळ बघतो का? तसं असतं तर रणजी कुणी बघितलीच नसती.

तिखट_शेंगा

रणजी कोण बघतंय बे 😂

बॅकहँडवाले_काका

मी स्वतः क्लबला खेळतो आणि लहान पोरांना थोडंफार शिकवतो म्हणून चार गोष्टी लिहितो, सामना बघताना उपयोग होईल.

कोर्ट सिंगल्सला २७ फूट रुंद, दुहेरीला ३६. दोन्ही बाजूला साडेचार-साडेचार फुटांची गल्ली वाढते. नवीन माणसाला वाटतं की दोघी उभ्या आहेत म्हणजे बाजूनं मारावं. पण नेट मधोमध ३ फूट आणि खांबापाशी साडेतीन फूट असतं, म्हणजे सगळ्यात सुरक्षित फटका मधनं जातो, आणि त्यात वर दोघींच्यात 'तू घे, मी घेते' होतं ते वेगळंच. जुन्या जोड्यांत ते आधीच ठरलेलं असतं. दोघी उजव्या हाताच्या असतील तर साधारण डाव्या बाजूला उभी असते तिचा फोरहँड (सरळ हाताचा फटका) मधे येतो, मधला बॉल तिचा. नवीन जोडी ओळखायची असेल तर मधे एक बॉल पडू द्या, दोघी एकमेकींकडं बघतात.

पुरुषांची दुहेरी बघून आलेल्याला महिलांची दुहेरी सुरुवातीला वेगळी वाटते. तिकडं सर्व्हिस आणि पुढची व्हॉली, की पॉइंट खल्लास. इकडं नुसत्या सर्व्हिसवर गेम निघत नाही, ब्रेक (समोरचीच्या सर्व्हिसचा गेम जिंकणं) जास्त होतात, एक नेटला आणि एक मागं अशी रचना जास्त वेळ टिकते. मागच्या दोघी तिरक्या फटक्यांवर रॅली करत राहतात आणि पुढच्या दोघी मांजरासारख्या दबा धरून बसलेल्या, कुठला बॉल जरा मधे येतोय याच्यावर डोळा. बॉल मारणारीकडं बघू नका, नेटवाल्या दोघींचे पाय बघा. लॉब (डोक्यावरून उंच टाकलेला बॉल) पडला की चौघींच्या जागा कशा बदलतात ते बघा.

इटलीची सारा एरानी आठवा. सर्व्हिस इतकी हळू की लोकं हसायची, कधी कधी अंडरआर्म टाकायची. तिनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये जस्मिन पाओलिनीबरोबर महिला दुहेरीचं गोल्ड घेतलं, वय ३७. फायनलला पहिला सेट २-६ गेलेला, दुसरा ६-१ आणि मग सुपर टायब्रेक १०-७. चारही ग्रँड स्लॅम दुहेरीत तिच्याकडं आधीच होते. रिटर्न, लॉब आणि डोकं, एवढ्यावर.

लेकीची_ड्रायव्हर

काका तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी इथं फक्त वाचते, लिहीत नाही, पण आज विचारायचंय.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, सोलापुरातच खेळते, स्पर्धांसाठी पुणे, संभाजीनगर, कोल्हापूर असं आम्ही गाडी घेऊन फिरतो (नावावरून कळलं असेल 🙂). मध्ये बाहेरगावच्या एका अकॅडमीत दाखवायला नेलं होतं. तिथल्या सरांनी अर्धा तास खेळ बघितला आणि सरळ तिच्यासमोरच म्हणाले, उंची कमी आहे, सर्व्हिस लागत नाही, सिंगल्समध्ये काही होणार नाही, दुहेरीत टाका. ती परत येताना मोहोळपर्यंत एक शब्द बोलली नाही. म्हणजे दुहेरी ही शिक्षा आहे का? नापास झालेल्या पोरांना जसं अमुक शाखेला टाकतात तसं? मी स्वतः बास्केटबॉल खेळलेली आहे, टेनिसचं मला फार कळत नाही. मुलगी हातानं डावखुरी आहे आणि तिला खरंतर दुहेरी आवडते, मैत्रिणीबरोबर खेळताना खूप हसते. पण आता दुहेरी म्हटलं की तोंड पाडते.

दाजीपेठ_अण्णा

ताई, त्या सरांना अर्ध्या तासात एवढं सगळं दिसलं असेल तर त्यांनी टेनिस सोडून पत्रिका बघाव्यात.

पोरगी हसतीय ना खेळताना, मग खेळू दे की. आमच्या घरात तीन पिढ्या मागावर बसल्या, कुणी हसत बसलेलं मी बघितलं नाही.

पुण्याला_पळालेला

अण्णा 🙏

@लेकीची_ड्रायव्हर, दुहेरी ही शिक्षा वगैरे नाही, उलट भारतीय महिला टेनिसमध्ये मोठं जे काही झालंय ते बहुतेक दुहेरीतच झालंय. सानियाची तिन्ही महिला दुहेरी ग्रँड स्लॅम मार्टिना हिंगिसबरोबर, विंबल्डन २०१५, यूएस ओपन २०१५, ऑस्ट्रेलियन ओपन २०१६. सलग ४१ सामने जिंकल्या होत्या त्या दोघी. विंबल्डनची फायनल ज्यांनी बघितली त्यांना आठवत असेल, मकारोवा आणि वेस्निनाविरुद्ध पहिला सेट गेला, दुसरा टायब्रेकवर निघाला आणि तिसऱ्यात मागं पडून ७-५. आणि आपली ऋतुजा भोसले, हांगझोऊ एशियन गेम्सचं मिश्र दुहेरीचं गोल्ड रोहन बोपण्णाबरोबर. तिथंही पहिला सेट २-६ गेलेला, मग ६-३ आणि १०-४.

पण एक लक्षात ठेवा, सानिया आधी सिंगल्समध्ये जगात २७ व्या नंबरवर होती. मनगटाचं ऑपरेशन, गुडघे, हे सगळं झाल्यावर ती पूर्ण दुहेरीकडं वळली. तेराव्या वर्षी कुणी 'दुहेरीत टाकलं' नव्हतं.

सव्वातीनची_पॅसेंजर

मी पण हेच म्हणत होतो. सिंगल्स सोडून दुहेरी नाही, सिंगल्स बरोबर दुहेरी. एकदा सिंगल्सचं रँकिंग गेलं की दुहेरीत मोठ्या स्पर्धेत शिरणं पण अवघड होतं, कारण एंट्रीला दोघींच्या रँकिंगची बेरीज बघतात. तुमचं कितीही चांगलं असलं तरी पार्टनरचं कच्चं असेल तर तुम्ही बाहेर. आणि चांगल्या रँकिंगची पार्टनर तुमच्याबरोबर का खेळेल, हा दर आठवड्याचा प्रश्न. छोट्या स्पर्धांत तर जोड्या कित्येकदा तिथं पोचल्यावर ठरतात, कोण एकटी आहे, कोण हरली, कोण आठवडाभर थांबणार आहे असं विचारत विचारत. एक कझाकस्तानची, एक केरळची, भाषा एकमेकींची येत नाही, आणि संध्याकाळी मॅच.

होटगीरोडकर

हेच तर मजेशीर आहे ना! काल भेटलेल्या दोघी आज मूठ आणि पंजा दाखवत खेळतात. आणि पहिल्या सेटला एकमेकींच्या पायात येणाऱ्या त्याच दोघी दुसऱ्या सेटला बरोबर सरकायला लागतात, ते डोळ्यादेखत होतं.

अजून एक, वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी. या दुहेरीत ४०-४० नंतर अॅडव्हांटेज (एका पॉइंटची आघाडी, गेमला अजून एक लागतो) नसतो, एकच पॉइंट, तो जिंकला त्याचा गेम. रिटर्न करणारी जोडी ठरवते कुठल्या बाजूला सर्व्हिस घ्यायची. एकेक सेट झाला की तिसरा सेट पूर्ण खेळत नाहीत, थेट दहा पॉइंटचा टायब्रेक. म्हणजे मॅच साधारण दीड तासाच्या आत आटपते. ग्रँड स्लॅमला मात्र पूर्ण तीन सेट असतात.

बार्शीचा_पाव्हणा

तो एक पॉइंटचा नियम मला अजिबात पटत नाही. पूर्वी ड्यूस (४०-४० ची बरोबरी), अॅडव्हांटेज, परत ड्यूस, त्यात दोघी जोड्यांचा कस लागायचा. टीव्हीसाठी आणि वेळापत्रकासाठी खेळ कापला. आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंट म्हणजे निम्मं नशीब. दीड तास चांगलं खेळलेली जोडी दोन नेटकॉर्डवर (नेटला लागून पलीकडं पडलेल्या बॉलवर) घरी जाते.

बॅकहँडवाले_काका

पाव्हणं, अर्धं पटतं. तिसरा सेट कापला हे मलाही आवडत नाही. पण ४०-४० चा एक पॉइंट ठेवावा असं माझं मत आहे, कारण त्यात डोकं लागतं. रिटर्न कुणी घ्यायचा हे ठरवताना त्या दोघी काय कुजबुजतात, समोरची नेटवाली कुठं सरकते, याच्यात सगळी मॅच कळते. आणि त्याच दिवशी सिंगल्स खेळून आलेल्या पोरींना दुहेरीत उतरवायचं तर सामना आटोक्यात ठेवावाच लागतो, नाहीतर सव्वातीन म्हणतात तसं त्या खेळणारच नाहीत.

आता @लेकीची_ड्रायव्हर. ज्युनिअरला दोन्ही खेळवा, यात वादच नाही. आयटीएफच्या ज्युनिअर रँकिंगला सुद्धा सिंगल्सचे चांगले निकाल पूर्ण धरतात आणि दुहेरीच्या गुणांचा पाव हिस्सा त्यात मिळवतात, म्हणजे नुसती दुहेरी खेळून रँकिंग वर जायचं नाही आणि दुहेरी सोडून दिली तरी हातचे गुण जातात. उंचीचं तेराव्या वर्षी कुणी सांगू नये. दुहेरीनं तिचा रिटर्न सुधारेल, व्हॉली येईल, नेटला जायची भीती जाईल. आपल्याकडची बरीच पोरं मागं उभी राहून तासभर रॅली करतात आणि शॉर्ट बॉल आला की गोंधळतात, कारण दुहेरी कधी मनापासून खेळलेलीच नसते.

लेकीची_ड्रायव्हर

धन्यवाद काका, सगळ्यांनाच. हे सगळं तिला वाचायला देणार आहे, अण्णांची पोस्ट सोडून कारण तिला पत्रिका म्हणजे काय ते समजावत बसावं लागेल 😄 एक विचारू? ती डावखुरी, मैत्रीण उजव्या हाताची. कोण कुठल्या बाजूला उभं राहायचं? दोघींचं त्याच्यावरनं रोज भांडण.

तिखट_शेंगा

मी आपला गंमत करायला आलतो, सगळा धागा वाचून काढला. शनिवारी असतीय ना ओ दुहेरीची फायनल? तिकीट काय?

होटगीरोडकर

साधारण शनिवारीच असते, रविवारी सिंगल्सची. अशा स्पर्धांना तिकीट बहुतेक नसतंच, सरळ आत जायचं. बेसलाइनच्या मागं जागा धरा, बाजूला बसलात तर मान दुखेल आणि खुणा पण दिसणार नाहीत. पॉइंट चालू असताना फोनवर बोलू नका तेवढं, अंपायर माइकवरनं सांगतो आणि सगळे वळून बघतात.

दाजीपेठ_अण्णा

आणि येताना कडक भाकरी-चटणी आणा, तिथं नुसता वडापाव मिळतो.

बॅकहँडवाले_काका

@लेकीची_ड्रायव्हर डावी-उजवी जोडी म्हणजे लॉटरी आहे, भांडू नका म्हणावं. दोन प्रकार आहेत. डावखुरी डाव्या बाजूला उभी राहिली तर दोघींचे फोरहँड बाहेरच्या बाजूला जातात, लांबचे तिरके रिटर्न चांगले बसतात, पण मधे दोन बॅकहँड (उलट्या हाताचे फटके) येतात आणि समोरच्या जोड्या मधेच मारत बसतात. उलट डावखुरी उजवीकडं उभी केली तर मधे दोन फोरहँड, मध बंद होतो, मात्र बाहेर काढलेली सर्व्हिस दोघींना बॅकहँडनं घ्यावी लागते. दोन्ही महिना-महिनाभर खेळून बघा. ३०-४० चा पॉइंट डाव्या बाजूला येतो, तेव्हा दडपणात जिचा रिटर्न कोर्टात पडतो तिला डावीकडं ठेवा, हात कुठला हे नंतर.

आणि एक फायदा कुणी सांगत नाही. दुहेरीत प्रत्येक खेळाडू एका सेटमध्ये कायम एकाच टोकाकडनं सर्व्हिस करते. आपल्याकडं दुपारच्या मॅचला एका टोकाला ऊन थेट डोळ्यात येतं. दोघींचे हात वेगळे असतील तर सर्व्हिसचा क्रम असा लावता येतो की टॉस टाकताना (सर्व्हिससाठी बॉल वर उडवताना) दोघींच्याही डोळ्यात सूर्य येत नाही. सेट सुरू व्हायच्या आधी दोन्ही टोकांना जाऊन एकेक टॉस टाकून बघायचा आणि मग ठरवायचं.

लेकीची_ड्रायव्हर

उन्हाचं आत्ताच सांगितलं तिला. ती म्हणते मैत्रीण डावी बाजू काही केल्या सोडणार नाही. मी म्हटलं मग तू उजवीकडं उभी राहा, मधे दोन फोरहँड होतील. गेली फोन घेऊन, मैत्रिणीशी बोलतेय.